आठ दिवसांचा हुकूम : गोवा १९६१ आणि न्याय्य युद्धाची ख्रिस्ती कसोटी

१४ डिसेंबर १९६१ रोजी लिस्बनहून पणजीला एक बिनतारी संदेश आला. पंतप्रधान आंतोनियु सालाझार यांनी गव्हर्नर जनरल मानुएल आंतोनियु वासालो इ सिल्वा यांना कळवले होते, की तह नाही, शरणागती नाही. पोर्तुगीज सैनिक आणि खलाशी जिंकतील नाहीतर मरतील. निदान आठ दिवस टिकाव धरावा, तेवढ्या अवधीत जगभरातून भारतावर दबाव आणता येईल, असा लिस्बनचा हिशेब होता. पाच दिवसांनी, १९ डिसेंबरच्या संध्याकाळी, वासालो इ सिल्वा यांनी वास्को येथे शरणागती पत्करली. भारतीय सैन्य हद्दीत शिरून तेव्हा दोन दिवसही पुरे झाले नव्हते.

गोव्यात या विषयावर बोलणे निघाले, की ते बहुतेक वेळा ‘मुक्ती की आक्रमण’ या एकाच वळणावर येऊन अडते. प्रश्न रास्त आहे आणि पुढे तो घेतलाही आहे. पण न्याय्य युद्धाचा ख्रिस्ती विचार खरोखर काय मागतो, हे समजून घ्यायचे असेल तर १४ ते १९ डिसेंबर हे पाच दिवस जास्त उपयोगाचे आहेत. कारण त्या पाच दिवसांत हुकूम देणारा, हुकूम घेणारा आणि ज्यांच्यावर तो हुकूम चालायचा ते लोक, तिघेही वेगवेगळे उभे दिसतात.

हातात काय होते

वासालो इ सिल्वा हे लष्करी अभियंता. १९५८ पासून गोव्याचे गव्हर्नर जनरल. त्यांच्याकडे साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक होते आणि त्यांत काही शे स्थानिक भरतीचे. रणगाडे नाहीत, लढाऊ विमान एकही नाही. मुरगाव बंदरात ‘आफोंसो द आल्बुकर्क’ ही एकच मोठी युद्धनौका, तीही १९३० च्या दशकातली. समोर मेजर जनरल के. पी. कँडेथ यांची १७ वी डिव्हिजन, ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५० वी पॅराशूट ब्रिगेड, हवाई दलाची कॅनबेरा आणि हंटर विमाने आणि नौदलाचा ताफा. आणि या दोन्हींच्या मधे सुमारे सहा लाख गोमंतकीय, ज्यांत तिसऱ्या हिश्शाहून जास्त कॅथलिक.

पोर्तुगीज संरक्षण आराखडा असा होता, की हद्दीवर थोडा प्रतिकार करायचा, पूल उडवत मागे सरकायचे आणि मुरगावच्या भूशिरावर अखेरचा तळ ठोकायचा. नकाशावर हे पटते. पण मुरगाव म्हणजे बंदर, वास्को शहर आणि दाबोळीची धावपट्टी, म्हणजे माणसांनी भरलेली जागा. शेवटची लढाई तिथे झाली असती तर तोफांचे गोळे कोणाच्या घरांवर पडले असते, हे कळायला लष्करी शिक्षण लागत नाही.

कसोटी कशी लावायची

संत ऑगस्टीन यांच्यापासून (३५४–४३०) ही परंपरा सुरू झाली असे धरतात. युद्धात खरे वाईट काय, तर मरण नव्हे, कारण माणूस कधीतरी मरतोच. हिंसेची आवड, सूडाचे क्रौर्य आणि सत्तेची लालसा हे खरे वाईट, असे त्यांचे म्हणणे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिओलॉजी’च्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात, चाळिसाव्या प्रश्नात, तीन अटी मांडल्या : युद्ध पुकारणाऱ्याला तसा अधिकार हवा, कारण न्याय्य हवे, हेतू शुद्ध हवा. सोळाव्या-सतराव्या शतकात फ्रान्सिस्को द व्हितोरिया आणि फ्रान्सिस्को सुआरेझ या स्पॅनिश धर्मशास्त्रज्ञांनी या अटींना प्रमाणाचा, यशाच्या शक्यतेचा आणि सैनिकाच्या सद्सद्विवेकाचा हिशेब जोडला. आज वर्गात बहुधा १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातला २३०९ वा परिच्छेद वापरतात. त्यात चार अटी आहेत : होणारी हानी टिकाऊ, गंभीर आणि निश्चित असावी, बाकीचे सर्व उपाय निष्फळ ठरलेले असावेत, यशाची खरी शक्यता असावी, आणि शस्त्रांनी होणारे नुकसान मूळ अन्यायाहून मोठे नसावे.

इथे एक सावधगिरी घ्यायला हवी. १९९२ चा ग्रंथ १९६१ मधल्या माणसांच्या हातात नव्हता. त्यांना ठाऊक असू शकत होते ते अक्वायनस, सुआरेझ आणि पोप बारावे पायस यांचे १९५३ चे भाषण. त्या भाषणात पोपनी म्हटले होते, की अन्यायाविरुद्ध स्वतःचा बचाव करायचा आहे एवढे कारण पुरत नाही. युद्धाची हानी सोसलेल्या अन्यायाच्या तुलनेत फार मोठी होणार असेल तर अन्याय सहन करणे हे कर्तव्यही ठरू शकते. म्हणजे प्रमाणाची अट १९६१ मध्ये नवी नव्हती. लिस्बनचे सरकार स्वतःला कॅथलिक म्हणवून घेत होते. खुद्द सालाझार व्हिझेवच्या सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, शिकलेले आणि पुढे कोइंब्रा विद्यापीठात प्राध्यापक. त्याच कोइंब्रात सुआरेझ यांनी १५९७ पासून जवळपास वीस वर्षे धर्मशास्त्र शिकवले होते.

कसोटी ‘भारत’ आणि ‘पोर्तुगाल’ अशा दोन मोठ्या नावांना लावू नये. ज्याच्या हातात निर्णय होता, त्या प्रत्येकाला ती वेगळी लावावी आणि त्या दिवशी त्याला जेवढे ठाऊक होते तेवढ्यावरच. या प्रकरणात निदान तीन ठिकाणे पडतात : दिल्ली, लिस्बन, पणजी.

दिल्ली

न्याय्य कारण म्हणून दिल्लीकडे दोन गोष्टी होत्या. पहिली वसाहतीचा अन्याय : राजकीय हक्क नाहीत, १९४६ मध्ये डॉ. राम मनोहर लोहियांच्या मडगावच्या सभेनंतर झालेली दडपशाही, त्रिस्ताव द ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने दिलेली शिक्षा आणि पोर्तुगालच्या किल्ल्यातली कैद, १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर झालेला गोळीबार. दुसरी गोष्ट नोव्हेंबर १९६१ मधली, अंजदीव बेटावरून ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर झालेला गोळीबार. ही दुसरी घटना युद्धाचे कारण म्हणून तोकडी आहे. ती निमित्त ठरली. भार पहिल्या कारणावरच टाकावा लागतो.

आणि तिथे एक अवघड गाठ आहे. अक्वायनस यांच्या मते युद्धाचा अधिकार ज्याच्याकडे समाजाच्या रक्षणाची जबाबदारी सोपवलेली आहे त्याचा. गोमंतकीयांनी ती जबाबदारी दिल्लीकडे कधी सोपवली? १९६१ मध्ये मतदान झाले नाही. (१६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाविषयी होता, भारतात येण्याविषयी नव्हता.) याला उत्तर आहे, पण ते मांडावे लागते. जुलमाखाली असलेल्या निरपराधांच्या मदतीला बाहेरचा राजा जाऊ शकतो, असे व्हितोरिया मानतात. अक्वायनस यांच्या मते जुलमी सत्ता उलथणे हा राजद्रोहच नव्हे, मात्र त्या उलथापालथीत लोकांचे आधीच्या जुलमाहून जास्त नुकसान होता कामा नये. आणि हाक गोव्यातून आली होती. ती देणाऱ्यांत हिंदू होते तसे कॅथलिकही : कुन्हा, डॉ. ज्युलियांव मिनेझिस, तेलु मास्कारेन्हस, जंगलातून गुप्त रेडिओ चालवणाऱ्या लिबिया लोबो आणि त्यांचे सहकारी वामन सरदेसाई. तरीही या तर्काचा दुरुपयोग किती सहज होतो, हे विसरू नये. निरपराधांना सोडवण्याच्या नावाखाली स्पेनने अमेरिकेत काय केले, ते व्हितोरिया यांच्या समोरच घडत होते.

अखेरच्या उपायाच्या अटीवर दिल्लीची बाजू बळकट आहे. २७ फेब्रुवारी १९५० रोजी वाटाघाटींचा प्रस्ताव, पोर्तुगालचा नकार, १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ ठरवणे, १९५३ मध्ये लिस्बनमधली भारतीय वकिलात बंद, १९५५ चा सत्याग्रह आणि त्यानंतरची आर्थिक नाकेबंदी, डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने गोव्याला अस्वयंशासित प्रदेशांत गणणे. अकरा वर्षे दार ठोठावले जात होते. विरोधी बाजूला एक नोंद आहे : अमेरिकेचे राजदूत जॉन केनेथ गॅलब्रेथ अगदी शेवटपर्यंत कारवाई लांबणीवर टाकण्याचा आग्रह धरत होते. पण लिस्बन गोवा सोडायला तयार आहे, असे कोणतेही आश्वासन त्या आग्रहामागे नव्हते. नुसती मुदत म्हणजे उपाय नव्हे.

हेतूविषयी फार ताणू नये. निवडणुका तोंडावर होत्या, आफ्रिकी देश भारताच्या संथपणावर नाराज होते. हेतू मिसळलेले होते, आणि राज्यांचे हेतू असेच असतात. परंपरा हेतू पाहते तो वागण्यातून. दाबोळीवर बॉम्बफेक झाली ती धावपट्टीवर. प्रवासी इमारतीला धक्का लागू नये अशा सूचना होत्या. दोन्ही बाजूंचे मिळून पन्नासच्या आसपास सैनिक मेले. मात्र हा आकडा न्याय्यतेचा पुरावा म्हणून वापरण्याची चूक अभ्यासवर्गातला जवळजवळ प्रत्येक गट करतो. प्रमाणाचा हिशेब हुकूम देताना दिसत असलेल्या शक्यतांवर करायचा असतो. १७ डिसेंबरच्या रात्री समोरचा सेनापती सालाझारांचा हुकूम पाळणार की नाही, हे दिल्लीला ठाऊक नव्हते. मरणारे कमी निघाले, याचे बरेच श्रेय पणजीतल्या माणसाकडे जाते.

लिस्बन

लिस्बनचा दावा फेटाळण्याआधी तो सरळ मांडू. २५ नोव्हेंबर १५१० पासून ताबा, म्हणजे ४५१ वर्षे. दीर्घकाळच्या शांत ताब्याने हक्क उत्पन्न होतो, हे तत्त्व मध्ययुगीन पंडितांना मान्य होते. संयुक्त राष्ट्रांची सनद बळाचा वापर मना करते. १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत युद्धबंदीच्या ठरावाला अकरापैकी सात मते मिळाली आणि सोव्हिएत नकाराधिकाराने तो पडला. स्वसंरक्षणाचा दावा पोकळ होता, असे म्हणता येत नाही.

त्याला धर्माची जी झूल घातली होती ती मात्र टिकत नाही. धर्मभेद हे युद्धाचे न्याय्य कारण नाही, साम्राज्य वाढवणे नाही, राजाचे वैभवही नाही, हे व्हितोरिया यांनी १५३९ मध्ये सालामांकाच्या व्याख्यानात स्पष्ट सांगितले होते. पोप सगळ्या जगाचे ऐहिक धनी नाहीत, हेही. १४५५ च्या पोपच्या फर्मानाने पोर्तुगालला पूर्वेकडचा हक्क मिळाला, या युक्तिवादाचे मूळच त्यात कापले जाते. जुलै १९५५ मध्ये पंडित नेहरू बाराव्या पायस यांना भेटले. गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नाही, याला पोपची सहमती असल्याचे त्यांनी नंतर सांगितले.

पण समजा, कारण न्याय्य धरले. तरीही १४ डिसेंबरचा हुकूम टिकत नाही. कारण तो बचावाचा हुकूमच नव्हता. आठ दिवसांनी गोवा वाचेल असे लिस्बनमध्ये कोणी धरून चालले नव्हते; आठ दिवसांत जगाचे लक्ष वेधायचे होते. म्हणजे सैनिकांचे मरण हा लढाईचा दुःखद परिणाम उरत नाही, तो संदेश पाठवण्याचे साधन बनतो. यशाच्या शक्यतेची अट आहे ती नेमकी इथल्यासाठी. ती धूर्त सेनापतीचा सल्ला आहे असे अनेकांना वाटते. ती खरे तर राजाने स्वतःच्याच माणसांशी कसे वागावे याची अट आहे : ज्यांचे प्राण तुझ्या हवाली आहेत, ते तू निष्फळ गोष्टीवर उधळू शकत नाहीस.

पणजी

आता वासालो इ सिल्वा. त्यांच्यापुढे चार वाटा होत्या. हुकूम अक्षरशः पाळणे. राजीनामा देऊन हुकूम दुसऱ्याच्या गळ्यात घालणे. एकही गोळी न झाडता शरण जाणे. किंवा थोडा प्रतिकार करून, तो निरर्थक ठरताच थांबणे. त्यांनी चौथी धरली.

१८ च्या पहाटे अस्नोडा, डिचोली आणि शापोरा इथले पूल उडवले गेले; पुढे बाणस्तारी आणि बोरीचेही. इथे दुहेरी परिणामाचे तत्त्व लावून पाहावे. कृती मुळात वाईट नसावी. हेतू चांगल्या परिणामाचा असावा. वाईट परिणाम हे चांगल्याचे साधन नसावे. आणि दोन्हींत प्रमाण असावे. पूल हे लष्करी लक्ष्य, हेतू सैन्याला रोखण्याचा, लोकांची अडचण हा साधन नसलेला परिणाम. पहिल्या तीन अटी पूर्ण होतात. चौथीवर मात्र पूल अडतात : बाणस्तारीला आणि बोरीला जवान खाडी उतरून, होड्यांतून पार गेले. काही तासांच्या विलंबासाठी तिसवाडी आणि फोंड्यातल्या लोकांचे रस्ते तुटले, आणि आणखी काही तास मिळून लढाईचा निकाल बदलणार नव्हता. पुलांचा निर्णय आमच्या मते कच्चा होता.

बिगरलष्करी वास्तू नष्ट करण्याचा लिस्बनचा हुकूम याच्या पुढचा. तिथे वाईट परिणाम हाच हेतू होता. आपल्याला नाही तर कोणालाच नाही. दुसऱ्या अटीवरच तो पडतो, प्रमाणापर्यंत जावेच लागत नाही. वासालो इ सिल्वा यांनी तो पाळला नाही. पणजीचे सचिवालय, जुन्या गोव्यातली चर्चे, वास्कोची वस्ती उभी राहिली ती या नकारामुळे.

आज्ञाभंगाचे समर्थन परंपरेत आहे का? आहे, आणि जुने आहे. युद्ध उघड अन्याय्य आहे असे पटले असेल तर प्रजाजनाने राजाज्ञेनेही लढू नये. शंका असेल तेव्हा मात्र आज्ञा पाळता येते, असे व्हितोरिया सांगतात. हा फरक महत्त्वाचा. तोफखान्यातल्या विशीतल्या पोर्तुगीज पोराला शंकाच असणार, त्याच्याकडे नकाशा नव्हता. वासालो इ सिल्वा यांच्याकडे सगळे आकडे होते. जितके जास्त ठाऊक, तितकी आज्ञेची ढाल पातळ. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अशा आज्ञांना उघड विरोध करणाऱ्यांच्या धैर्याची प्रशंसा केली, पण ते चार वर्षांनी.

वासालो इ सिल्वा यांचाही एक निर्णय तपासावा लागतो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ‘इंडिया’ नावाची बोट मुरगावला लागली. कोणालाही चढू देऊ नये असा लिस्बनचा आदेश असताना त्यांनी सुमारे ७०० नागरिकांना तिच्यातून जाऊ दिले. बिनलढाऊंना धोक्यातून काढणे हे कर्तव्यच. पण ते ७०० युरोपीय वंशाचे होते. गावागावांतल्या लाखो लोकांसाठी बोट नव्हती, आणि गोळे पडले असते तर ते त्यांच्यावर. शरणागतीचा निर्णय ज्या दृष्टीने सहा लाखांकडे पाहतो, ती दृष्टी बोटीच्या निर्णयात दिसत नाही.

समुद्रावर आणि छावणीत

‘आफोंसो द आल्बुकर्क’ने १८ तारखेला ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या भारतीय युद्धनौकांशी झुंज दिली आणि शेवटी ती बांबोळीच्या किनाऱ्याला लावावी लागली. कप्तान आरागाव जखमी झाले. लढाई दोन्हीकडून सरळ झाली. गोळे युद्धनौकांवरच पडत होते. कप्तानाने चूक केली का, यावर गटात हमखास मतभेद होतात. आमचे मत असे, की नौका चालवण्याजोगी असेतो लढणे आणि ती निकामी होताच खलाशांना किनाऱ्यावर आणणे, हे मर्यादेतच होते.

अंजदीवची गोष्ट निराळी. भारतीय नौदलाच्या नोंदीनुसार बेटावर पांढरे निशाण दिसले, म्हणून खलाशी उतरवले गेले आणि मग त्यांच्यावर गोळीबार झाला; सात जण मेले. अक्वायनस यांनी याच चाळिसाव्या प्रश्नात दबा धरून बसणे योग्य ठरवले आहे, कारण शत्रूला आपला बेत सांगायचे बंधन नाही. पण शत्रूला दिलेला शब्द मोडणे त्यांनी निषिद्ध मानले. पांढरे निशाण हा शब्दच आहे. ते एकदा खोटे ठरले, की पुढच्या खऱ्या निशाणावर कोणी विश्वास ठेवत नाही आणि शरण येणारे मरतात.

शरणागतीनंतर हजारो पोर्तुगीज युद्धकैदी फोंडा, नावेली, आग्वाद आणि वास्कोच्या छावण्यांत होते. सालाझार यांनी त्यांना परत नेण्याची घाई केली नाही. मोझांबिकमधल्या भारतीयांना त्यांनी स्थानबद्ध केले, त्यांच्या मालमत्तेवर टाच आणली. दुकानदारांना ओलीस धरणे हा प्रतिशोध परंपरेच्या कोणत्याही अटीत बसत नाही. मार्च १९६२ मध्ये फोंड्याच्या छावणीत काही कैद्यांनी कचऱ्याच्या गाडीतून पळायचा प्रयत्न केला. तो फसला आणि त्यांच्यावरच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना देहदंडाची धमकी मिळाली. फेरेइरा द सिल्वा हे जेझुइट लष्करी धर्मगुरू मधे पडले आणि प्रसंग निवळला. पराभूताला आणि कैद्याला दया दाखवणे हे कर्तव्य आहे, असे ऑगस्टीन यांनी सेनापती बोनिफास यांना लिहिले होते. भारतीय बाजूच्या तपासणीत ही धमकी लिहिली जायला हवी, मुक्तीचे कारण कितीही न्याय्य असले तरी. न्याय्य कारण छावणीच्या फाटकाशी संपते.

अभ्यासवर्गात हे प्रकरण घ्यायचे तर दोन तास पुरतात. तीन गट करावेत, प्रत्येकाला दिल्ली, लिस्बन किंवा पणजी यांतली एकच खुर्ची द्यावी आणि १४ डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंतचीच माहिती. शरणागती, मृतांचे आकडे, पुढचे निकाल शेवटच्या वीस मिनिटांपर्यंत सांगू नयेत, नाहीतर सगळे जण निकालावरून मागे तर्क रचतात. ज्या गटात पणजीची खुर्ची आहे त्याला चारही वाटा लेखी मांडायला लावावे, राजीनाम्याचीही. ती स्वच्छ वाटते म्हणून बरेच जण तिकडे धावतात आणि हुकूम पाळणारा दुसरा अधिकारी आला तर काय, हे विचारायला विसरतात.

कैदी मे १९६२ मध्ये मायदेशी पोचले तेव्हा त्यांचे स्वागत लष्करी पोलिसांनी केले. मार्च १९६३ मध्ये वासालो इ सिल्वा यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले. एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर त्यांचा हुद्दा परत मिळाला, आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व करार करून मान्य केले. १९८० मध्ये ते गोव्याला आले. लोकांनी त्यांचे आपुलकीने स्वागत केले.